आधी दुसरी प्रत, मग डबा

प्रश्न थोडक्यात असा. सहकारनगरमध्ये राहणाऱ्या एका ताई लिहितात: घरात चार माणसे, चार फोन, तीन लॅपटॉप. यजमान करसल्लागार, त्यांचा टॅलीचा डेटा आणि अशिलांची कागदपत्रे घरच्याच संगणकावर. वडील सतार वाजवायचे. त्यांच्या रियाजाच्या आणि घरगुती बैठकींच्या १४० कॅसेट मुलाने लॉकडाउनमध्ये बसून संगणकावर उतरवल्या. सगळे मिळून १.८ टीबी, पण पाच ठिकाणी विखुरलेले. दुकानदार म्हणतो, ‘चार डिस्कचा नॅस घ्या, त्यात बॅकअप आपोआप होतो.’ घ्यावा का? कोणता? माहेर साताऱ्याला आहे, त्याचा काही उपयोग होईल का? आणि कॅसेट आता टाकून द्याव्यात का?

ताई, दुकानदाराच्या वाक्याचे दोन तुकडे करा. ‘नॅस घ्या’ हा तुकडा विचार करण्यासारखा आहे. ‘त्यात बॅकअप आपोआप होतो’ हा तुकडा चूक आहे. वीस-बावीस वर्षे पुण्यातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्क जोडतोय. डेटा गेला म्हणून डोक्याला हात लावून बसलेली जी माणसे पाहिली, त्यातल्या बऱ्याच जणांना कोणीतरी हेच वाक्य ऐकवलेले होते.

नॅस म्हणजे घरातले सामाईक कपाट. (उच्चार नॅस असाच करा. ‘नास’ म्हटले की माझ्या आईला दूध आठवते.) पडदा नाही, कीबोर्ड नाही असा एक छोटा संगणक, पोटात दोन किंवा जास्त हार्डडिस्क, आणि राउटरला गेलेली एक वायर. आम्ही त्याला नुसते ‘डबा’ म्हणतो. घरातला कुठलाही फोन किंवा लॅपटॉप त्यात वस्तू ठेवतो, त्यातून काढतो. कपाट आले की पाच ठिकाणचा पसारा एका ठिकाणी येतो आणि घराला जरा शिस्त लागते, हे खरेच. पण कपाटात ठेवली म्हणून एका वस्तूच्या दोन होत नाहीत.

‘अहो, पण आत दोन डिस्क असतात ना? एक गेली तर दुसरी?’ असतात. त्याला रेड म्हणतात. तुमच्या यजमानांच्या व्यवसायात या शब्दाने पोटात गोळा येतो, इथे तसे काही नाही. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ही कल्पना नाव देऊन मांडली: महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधायच्या. त्यातला घरगुती प्रकार म्हणजे रेड १. एकच मजकूर दोन डिस्कवर एकाच वेळी लिहायचा. गोम या ‘एकाच वेळी’मध्ये आहे. तुमच्या मुलाने चुकून ‘आजोबा’ नावाचे फोल्डर उडवले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडते. आरशासमोर मिशी काढली तर आरशातल्या माणसाची शिल्लक राहत नाही.

मग रेडचा उपयोग काय? एक डिस्क मेली तरी काम चालू राहते, एवढाच. आणि तोही कोणी लक्ष देत असेल तर. एरंडवण्यातल्या एका ऑफिसातून मला एकदा फोन आला, ‘तो डबा बीप करतोय, आवाज कसा बंद करायचा?’ म्हटले, हात लावू नका, येतो. पलीकडून उत्तर आले, ‘घाई नाही हो, अडीच महिने करतोय. आज साहेबांची मीटिंग आहे म्हणून विचारलं.’ जाऊन पाहतो तर डब्यावर टर्किश टॉवेल चार घड्या घालून ठेवलेला, आवाज दबावा म्हणून. एक डिस्क अडीच महिन्यांपूर्वीच गेली होती. दुसरी एकटी ओझे वाहत होती, आणि टॉवेलाखाली भाजत होती. ती वाचली, हे त्यांचे नशीब.

माझे नशीब तेवढे नव्हते. २०११ साली माझ्याच घरच्या डब्यातली एक डिस्क गेली. रात्री साडेअकरा वाजता, चष्मा न लावता, मी मेलेली समजून जिवंत डिस्क बाहेर ओढली. डबा बंद पडला. घाबरून ती टेबलावर ठेवली, शेजारी नवी आणलेली डिस्क होती, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. पुढच्या दहा मिनिटांत मी त्यातली एक कोरी करून टाकली. ती नवी नव्हती. माझ्या मुलीच्या बारशाचे जे फोटो आज घरात आहेत ते मेहुण्याने तेव्हा सीडीवर घेऊन ठेवले होते म्हणून आहेत, आणि त्याची आवड वेगळी असल्यामुळे त्यात पाळणा कुठेच नाही, सगळे पंगतीचे आहेत. तेव्हापासून माझ्या प्रत्येक डिस्कवर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर मार्करने नंबर असतो. डिस्क बसवण्याआधी अनुक्रमांकाचा फोटोही काढून ठेवतो.

डिस्क मरतात किती? बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी तीन लाखांच्या आसपास डिस्क चालवते आणि आकडे जाहीर करते. वर्षाला मरणाऱ्या डिस्कचा त्यांचा २०२४ सालचा आकडा होता १.५७ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. पण दोन डिस्क पाच वर्षे चालवल्या, तर त्यातली एखादी तरी जाण्याची शक्यता साधारण सातात एक येते. तीसुद्धा वातानुकूलित खोलीच्या हिशेबाने. तुमच्याकडचा एप्रिल-मे त्यात धरलेला नाही.

आणि डिस्क मरणे हा डेटा जाण्याचा एकच रस्ता. दुसरा रस्ता माणसाच्या बोटातून किंवा व्हायरसमधून जातो: चुकून उडवणे, चुकीच्या फाइलवर सेव्ह करणे, खंडणीवाला व्हायरस येऊन सगळे कुलूपबंद करणे. तिसरा रस्ता घरावरून जातो. तुम्ही सहकारनगरच्या, तुम्हाला २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र मी काय सांगणार? आंबिल ओढा अरण्येश्वरच्या वस्त्यांमध्ये शिरला होता. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत तेच झाले. आणि १२ जुलै १९६१ चे पानशेत तर पेठांमधल्या प्रत्येक जुन्या घराला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मान्य, पाणी नाही येणार. चोर जिन्याने येतो, आणि शॉर्टसर्किटला मजला लागत नाही.

यावरचा नियम जुना आहे. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. रेडच्या दोन डिस्क मिळून यात एकच प्रत धरायची, इथे फार जण फसतात. फोनचे फोटो क्लाउडवर जातात तीही पुरती प्रत नव्हे. फोन भरला म्हणून फोटो उडवला की बहुतेक वेळा तो क्लाउडवरूनही कचरापेटीत जातो, आणि गूगल फोटोजची कचरापेटी ६० दिवसांनी रिकामी होते. दोन्हीकडे सारखेच ठेवणे (सिंक) वेगळे, जपून ठेवणे (बॅकअप) वेगळे.

म्हणून माझा क्रम दुकानदाराच्या उलटा आहे. या महिन्यात नॅस घेऊच नका. आधी ४ टीबीच्या दोन साध्या यूएसबी हार्डडिस्क घ्या. पाच ठिकाणचा पसारा दोन्हीवर, स्वतंत्रपणे, कॉपी करा. पहिलीवरून दुसरी करू नका, कारण पहिलीत बिघडलेली फाइल दुसरीतही बिघडलेलीच जाईल. एक घरी, एक साताऱ्याला. इतके झाले की तुमचा निम्म्याहून जास्त धोका संपला, आणि डब्याला अजून हात लागलेला नाही. सवय टिकते का ते दोन-तीन महिने बघा. टिकली तर डबा घ्या. त्या दोन डिस्क वाया जात नाहीत, पुढे त्याच डब्याच्या बॅकअप डिस्क होतात.

पेनड्राइव्हवर आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या एसएसडीवर कायमची प्रत ठेवू नका. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, आणि वर्षानुवर्षे वीज न मिळता कपाटात पडून राहिली तर तो भार झिरपत जातो. फिरणारी हार्डडिस्क त्या कामाला बरी.

आता डबा. तुम्हाला चार खणांचा नको, दोन खणांचा पुरतो. चार खणांत लोक रेड ५ करतात, म्हणजे माहिती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवतात. त्यात एक डिस्क बदलताना उरलेल्या तिन्हींना अख्खे वाचून काढावे लागते, आणि नवशिक्याने तो घोर का घ्यावा? तुमचा डेटा आज १.८ टीबी आहे. दुप्पट धरून ४ टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या लावा. संगणकावर ३.६ दिसेल, दुकानदाराशी भांडू नका. डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने मोजते, त्या दोघांचे भांडण आहे.

कंपनी निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: ती जुन्या डब्यांना किती वर्षे सुरक्षेचे अपडेट देते. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या डब्यांचे जगभरातले मालक सकाळी उठले तर आतले सगळे पुसलेले. कोणीतरी इंटरनेटवरून शिरून डबे कोरे केले होते. त्या डब्यांना शेवटचा अपडेट २०१५ साली मिळाला होता. डिस्क ठणठणीत, वायर ठणठणीत, आत शून्य.

सिनॉलॉजीची आज्ञावली नवशिक्याला सर्वांत सोपी जाते, हे मी अजूनही म्हणतो. मात्र एक सावधगिरी: २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी नव्या प्लस मालिकेत मुख्यतः स्वतःच्याच नावाच्या डिस्क चालतील अशी अट घातली, ओरड झाली, आणि ऑक्टोबरमध्ये नव्या आवृत्तीसोबत ती सैल केली. म्हणून घेताना मॉडेलचे नाव घालून चालणाऱ्या डिस्कची यादी त्यांच्या साइटवर स्वतः बघा. क्यूनॅप, असुस्टोर, टेरामास्टर, यूग्रीन हेही आहेत. त्याच पैशात यंत्र जोरकस मिळते, पण सेटिंगशी जास्त झटापट करावी लागते. यजमानांना त्याची हौस असेल तर घ्या. जुना संगणक वापरून घरीच नॅस बनवायचा सल्ला मुलगा नक्की देईल. त्याला म्हणावे, शिकायला जरूर बनव, आजोबांची सतार त्यात ठेवायची नाही.

दुकानात विचारायचा दुसरा प्रश्न: यात स्नॅपशॉट चालतो का? नाही म्हटले तर ते मॉडेल सोडा. स्नॅपशॉट म्हणजे दर तासाला किंवा दर रात्री डबा आतल्या स्थितीची खूण करून ठेवतो. अख्खी नक्कल होत नाही, पुढे जे बदलते तेवढाच भाग जास्तीची जागा खातो. यजमानांच्या संगणकात खंडणीवाला व्हायरस शिरला आणि त्याने डब्यातल्याही फाइलींना कुलूप लावले, तर कालच्या खुणेवर परत जाता येते, कारण ती खूण फक्त वाचता येते, त्या संगणकावरून बदलता येत नाही. मिशीच्या उदाहरणात सांगायचे तर आरशाशेजारी लावलेला कालचा फोटो. पण हाही त्याच डब्यात राहतो, हे विसरू नका.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर हे विचारा. तुमच्या माहेरचे घर कौलारू असेल तर हे लगेच कळेल. सीएमआर डिस्कवर माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी सुट्या असतात. एसएमआर डिस्कवर त्या कौलांसारख्या एकावर एक चढवून बसवतात, म्हणून त्याच जागेत जास्त मावतात. पण मधले एक कौल बदलायचे तर वरची सगळी ओळ उचलून परत बसवावी लागते. सावकाश बॅकअप घ्यायला हे चालते. नॅसमध्ये, आणि विशेषतः मेलेली डिस्क बदलून नवी भरताना, ती रडकुंडीला येते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या साध्या ‘रेड’ (म्हणजे लाल, मघाचा रेड नव्हे) नावाच्या काही नॅस डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, बराच गदारोळ झाला, आणि नंतर कंपनीने सीएमआरवाल्यांना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले. म्हणून नावातला ‘प्लस’ बघून घ्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ आणि तोशिबाच्या एन३०० सीएमआर आहेत. सीसीटीव्हीच्या डिस्क स्वस्त पडतात म्हणून दुकानदार सरकवेल, घेऊ नका. त्या अखंड चित्रीकरणासाठी जुळवलेल्या असतात.

दोन डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेऊ नका. एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या जुळ्या बहिणी एकदमच आजारी पडू शकतात. मी एक तपकीर गल्लीतून घेतो, दुसरी ऑनलाइन. पैसे देण्याआधी डिस्कवरचा अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते तिथेच फोनवर बघतो. दुकानदार ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणतो, मी हसतो आणि बघतो. रेड प्लस आणि साध्या आयर्नवुल्फला तीन वर्षे, आयर्नवुल्फ प्रोला पाच वर्षे असते. बंद डिस्क ॲक्टिव्हाच्या डिकीतून फोममध्ये गुंडाळून आणलीत तर घाबरू नका, बंद असताना तिचे वाचणारे-लिहिणारे हेड बाजूला उभे असतात. चालू डबा मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरही हलवू नका.

जागा: माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. टीव्हीच्या बंद कपाटात नको. देवघराशेजारी नको, उदबत्तीची राख आणि तुपाचा धूर पंख्यात बसतो. राउटरजवळ, उघड्यावर, भिंतीपासून चार बोटे पुढे. दिवाळीच्या साफसफाईत एकदा पंख्याची धूळ ब्रशने काढा, डबा बंद करून. वीज फारशी खात नाही. १८ वॉट धरले तर महिन्याला तेराएक युनिट.

वायर हा विषय लोक उडवून लावतात आणि मग ‘नॅस स्लो आहे’ म्हणतात. डबा राउटरला वायरनेच जोडा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, तुमचे १.८ टीबी साडेचार-पाच तासांत आत. आता गंमत बघा. अनेक इमारतींत बिल्डरने भिंतीतून टाकलेल्या वायरच्या चार जोड्यांपैकी दोनच जोडलेल्या असतात. दिवा पेटतो, इंटरनेट चालते, कोणाला काही कळत नाही. पण मग जोडणी १०० मेगाबिटवर उतरते, सेकंदाला ११ एमबी, आणि त्याच कॉपीला पावणेदोन-दोन दिवस लागतात. भवानी पेठेतल्या एका गोदामात मी तीन वेळा डबा बदलून दिला, शेवटी दोष निघाला भिंतीतल्या सॉकेटमध्ये. तेव्हापासून पिशवीत दोन मीटरची कॅट ६ वायर ठेवतो, आधी थेट जोडून वेग मोजतो, मगच भिंतीवर विश्वास.

विजेचे. गुरुवार म्हटला की पुण्यात पाणी नाहीतर लाइट यांपैकी काहीतरी जाणार हे आपण गृहीतच धरतो. लाइट जाण्यापेक्षा ती जाऊन-येऊन-जाऊन करते ते डिस्कला घातक, कारण लिहिताना मध्येच तुटते. म्हणून यूपीएस हवाच, आणि त्याला यूएसबी पोर्ट हवा. ती यूएसबी वायर डब्याला जोडली की यूपीएस डब्याला सांगतो ‘लाइट गेली, बॅटरी संपत आली’, आणि डबा आपले आवरून शहाण्यासारखा झोपतो. ६०० व्हीएच्या स्वस्त यूपीएसमध्ये बऱ्याचदा हा पोर्ट नसतो. खोक्यावरचे चित्र बघून नव्हे, मागची बाजू बघून घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. पण इन्व्हर्टर डब्याशी बोलत नाही, त्यामुळे छोटा यूपीएस तरीही लागतो.

डबा आला की पहिल्या संध्याकाळी काय करायचे? ‘ॲडमिन’ हे आयते खाते बंद करून वेगळ्या नावाचे करा. घरातल्या प्रत्येकाला वेगळे खाते द्या, आणि अशिलांची कागदपत्रे फक्त यजमानांना उघडतील असे ठेवा. अपडेट आपोआप होऊ द्या. डिस्क बिघडली तर फोनवर मेल येईल ही सोय चालू करा, म्हणजे टॉवेलाची वेळ येणार नाही. टॅली चालू असताना त्याचे फोल्डर नुसते कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेली फाइल उचलली जाते. टॅलीमधूनच बॅकअप घ्या आणि ती फाइल डब्यात जाऊ द्या.

आणि डबा इंटरनेटवर उघडा टाकू नका. बाहेरून फोटो बघता यावेत म्हणून यूट्यूबवर कोणी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची खिडकी, उघडायला सांगेल. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट या व्हायरसांनी इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे हजारो डबे कुलूपबंद करून खंडणी मागितली. २०१४ मध्ये सिनॉलॉजीच्या डब्यांवरही असाच हल्ला झाला होता. मोठ्या कंपनीचा डबा आहे म्हणून कोणी सुटले नाही. बाहेरून लागलेच तर टेलस्केलसारखी सोय वापरा. ती तुमच्या फोनपासून डब्यापर्यंत खासगी बोगदा काढते, पोर्ट उघडावे लागत नाही, आणि घरगुती वापराला फुकट आहे. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यामुळे पोर्ट उघडायचे प्रयोग अनेकांचे फसतात, आणि तो फसलेला प्रयोग त्यांना वाचवतो.

आता त्या दोन यूएसबी डिस्क परत काढा. एक डब्याच्या मागे दर रविवारी लावा, बॅकअप होऊ द्या, झाला की काढून कपाटात. कायम लावून ठेवलेली डिस्क डब्यासोबतच जळते आणि डब्यासोबतच कुलूपबंद होते. दुसरी साताऱ्याला. गणपतीत जाता, दिवाळीत जाता, गुढीपाडव्याला जाता, तेव्हा घरची ताजी तिकडे ठेवायची आणि तिकडची इकडे आणायची. वर्षातून तीनदा अदलाबदल झाली तरी माझ्या लेखी पहिला नंबर. डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करा, म्हणजे पिशवी लालपरीत राहिली तरी अशिलांची कागदपत्रे कोणाच्या हाती लागणार नाहीत. कूटबद्ध करताना मिळालेला परवलीचा मजकूर संगणकात ठेवू नका. तो हरवला तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. कागदावर लिहून घराच्या इंडेक्स टूच्या फाइलीत ठेवा, एक प्रत भावाकडे.

दोन अदलाबदलींच्या मधल्या काही महिन्यांसाठी क्लाउड, आणि तोही सगळ्याचा नव्हे. तुमच्या घरच्या जोडणीचा वर जाणारा वेग ४० मेगाबिट असेल तर अख्खे १.८ टीबी चढायला अखंड चार दिवसांहून जास्त लागतील, शिवाय दरमहा भाडे. पण परत न मिळणारे किती आहे? १४० कॅसेट, प्रत्येकी दीड तास धरली, सीडीच्या दर्जाने उतरवलेली, तर सगळ्या मिळून १३५ जीबीच्या आत बसतात. रात्री जोडून ठेवल्या तर सकाळच्या चहापर्यंत चढतील. त्यात यजमानांचा टॅलीचा बॅकअप आणि घरची कागदपत्रे घाला, २०० जीबीच्या योजनेत सगळे मावते. नॅसमधूनच कूटबद्ध करून पाठवा. लग्नाचा साडेतीन तासांचा व्हिडिओ क्लाउडवर नसला तरी चालतो, तो पाहुण्यांकडे असतोच.

एक काम राहिले, जे कोणीच करत नाही: परत काढून बघणे. मी ते खंडेनवमीला करतो. आपण संगणकाला झेंडू वाहतो, हळद-कुंकू लावतो, तर त्याच दिवशी बॅकअप डिस्क एका वेगळ्याच लॅपटॉपला लावून तीन फाइली उघडायच्या: सर्वांत जुनी, सर्वांत मोठी, आणि गेल्या आठवड्यातली. शेवटची मिनिटे वाजतात का ते ऐकायचे, नुसते नाव दिसते म्हणून सोडायचे नाही. दोन वर्षांपूर्वी या पूजेत कळले की माझा बॅकअप सात महिने रोज रात्री यशस्वी होत होता, फक्त एक रिकामे फोल्डर उचलत होता. फोल्डरचे नाव मीच बदलले होते.

कॅसेटचे विचारलेत, तर टाकू नका. मुलाने त्या हेडफोनच्या छिद्रातून वायर घालून उतरवल्या असतील तर त्या ऐकण्यापुरत्या ठीक असतील, पण टेपरेकॉर्डरचे हेड एका बाजूला जरा तिरके असले तरी सतारीच्या तारांची वरची धार बोथट होते, आणि ते पुढे कोणी जाणकार नीट यंत्रावर परत उतरवू शकेल. वेव्ह (आवाजातले काही न गाळता साठवलेल्या) फाइली असतील तर त्याच मूळ समजून जपा, एमपी३ नातेवाइकांना पाठवायला. फक्त एमपी३ असतील तर निदान निवडक वीस-पंचवीस कॅसेट पुन्हा वेव्हमध्ये घ्या. बाकी प्रत्येक कॅसेट एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. आणि वरच्या पट्टीवर वडिलांच्या अक्षरात राग आणि तारीख लिहिलेली असेल, तर त्याचाही फोटो काढून त्या त्या फाइलीशेजारी घाला. मुलाने फाइलींना ‘साइड ए ०१’ अशी नावे दिली असतील, माझी पैज आहे.